दारावरचा खडू

पोलिओची मोहीम झाली की आमच्या गल्लीतल्या दारांवर खडूची अक्षरे दिसत. इंग्रजी ‘पी’ असेल तर त्या घरातल्या सगळ्या लेकरांना डोस मिळालेला. ‘एक्स’ असेल तर कुणीतरी राहिलेले आहे, परत यायचे आहे. 2003च्या सुमारास आमच्या मोहल्ल्यात एक्स वाढू लागले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि या दारांची मला लाज वाटायची. आपले लोक अडाणी आहेत, एवढेच त्या वयात सुचत होते. आज तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवात घरापासून करतो. माझ्या खालाचा थोरला मुलगा, ज्याला मी भाईजान म्हणतो, तो सव्वा वर्षाचा असताना तापाने फणफणला. डॉक्टरने कमरेत सुई दिली. ताप उतरला आणि उजवा पाय लुळा पडला. नानी शेवटपर्यंत म्हणायची, ‘सुई ने खाया मेरे बच्चे का पैर.’ आम्ही शिकलेली पोरे हसायचो. पुढे वाचनात आले की पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली तर लकव्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने कधीच नोंदवून ठेवले आहे. नानी अगदीच चुकीची नव्हती.

भाईजान नऊ वर्षांचा असताना गावातल्या एका सेवाभावी क्लबने शिबिर घेतले. व्यापारी, डॉक्टर, वकील असे पन्नासेक सभासद, आठवड्याला एक बैठक, छातीवर बिल्ला. रोटरी, लायन्स अशा क्लबांचे तालुक्याच्या गावातले रूप वाचकांना ठाऊक असेलच. आमचा त्यातला कोणता ते सांगत नाही. भाईजानला कॅलिपर मिळाला, चामड्याच्या पट्ट्यांचा, लोखंडी सळ्यांचा. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. खालाने तो कापून कुराणशरीफच्या जुजदानाजवळच्या फळीवर ठेवला होता.

पण पोराचा पाय वाढतो, लोखंड वाढत नाही. दीड वर्षात कॅलिपर आखूड झाला, बूट चावू लागला. खाला क्लबच्या तेव्हाच्या अध्यक्षांकडे गेली. ते म्हणाले, ‘भाभी, आता मी अध्यक्ष नाही, यंदाचा प्रकल्प वेगळा आहे.’ या क्लबांत अध्यक्ष दर जुलैत बदलतो आणि त्याच्याबरोबर कामही बदलते. माणूस वाईट नव्हता. पण फोटो फळीवरून निघाला.

हे इतके सविस्तर सांगायचे कारण असे की, ज्या चळवळीने पुढे पोलिओ संपवण्यात मोठा वाटा उचलला, तिच्यापुढेही हाच प्रश्न होता. 1905 साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने रोटरी सुरू केली. सभासदांच्या कार्यालयांत आळीपाळीने बैठक व्हायची, म्हणून नाव रोटरी. सत्तरेक वर्षे वाचनालय, पाणपोई, शिष्यवृत्ती अशी सुटी सुटी कामे चालली. 1979 मध्ये फिलिपाइन्समध्ये साठ लाख मुलांना पोलिओचे थेंब देण्याचा प्रकल्प त्यांनी हाती घेतला. 1985 मध्ये जगभरासाठी ‘पोलिओ प्लस’ जाहीर झाला. 12 कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, 1988 पर्यंत दुपटीहून जास्त जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा 125 देशांत वर्षाला साडेतीन लाख मुले पांगळी होत होती. दर जुलैला नवे काम शोधणाऱ्या संस्थेने एकच काम धरले आणि चार दशके सोडले नाही. माझ्या मते यात पैशापेक्षा हा चिवटपणा मोठा.

भारतात डिसेंबर 1995 पासून पल्स पोलिओ देशभर सुरू झाला. बूथ, शीतपेटी, डाव्या करंगळीला शाई. रुग्ण झपाट्याने घटले. आणि 2002 साली अचानक 1600 रुग्ण निघाले, त्यातले बाराशेहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात. मुरादाबाद आणि आसपासचे पश्चिमेकडचे जिल्हे होरपळले. मुसलमान मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त होते. थेंबांनी पोरे नामर्द होतात ही अफवा तिथून आमच्या गल्लीपर्यंत पोचली.

अफवा खोटीच होती. पण तिला रुजायला जमीन कुठून मिळाली? आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. दिल्लीत तुर्कमान गेटला बुलडोझर आणि गोळीबार झाला, तेव्हा जवळच नसबंदीचा कॅम्प चालू होता. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. हे हिंदूंनीही भोगले, दलितांनी भोगले. ज्या बाईने पंचवीस वर्षांपूर्वी नवऱ्याला शेतात लपवले होते, तिच्या दारात आता सरकारी माणूस औषध घेऊन उभा होता, तेही फुकट, तेही घरपोच. आमच्या शेजारच्या चाची विचारायच्या, ‘बच्चे कू बुखार आया तो कोई नै आता. ये दवा घर पे कैसे आती?’ या प्रश्नाचे उत्तर बूथवर कुणाकडेच नव्हते.

दुसरा प्रश्न असायचा : पुन्हा पुन्हा कशाला? आठ वेळा पाजले, अजून किती? यालाही पुढे शास्त्राने उत्तर दिले. उत्तर प्रदेशात एका डोसामागे मिळणारे संरक्षण उरलेल्या भारताच्या निम्म्याहून कमी होते. दाट वस्ती, उघडी गटारे, पोरांची सततची हगवण, यांमुळे थेंब आतड्यात टिकत नव्हते. म्हणजे डोस घेऊनही मुले पांगळी होत होती आणि दोष मात्र नकार देणाऱ्यांच्या माथी जात होता. नकारामुळे नुकसान झाले, हे मी नाकारत नाही. पण गटार कुणी बांधायचे होते?

मग मोहिमेची रीत बदलली. रोटरीने उत्तर प्रदेशात उलेमांची समिती बनवली. अलीगढ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द इथली माणसे युनिसेफबरोबर मोहल्ल्यांत उतरली. मशिदीच्या भोंग्यावरून एलान होऊ लागले, इमामांनी आपल्या लेकरांना लोकांसमोर थेंब पाजले. मोहल्ल्यातल्याच हजारो बायका घरोघर फिरल्या, बुरख्यातल्या, हातात नोंदवही घेतलेल्या. आरोग्य शिबिरांत तापाचे, हगवणीचे औषधही मिळू लागले. पोलिओच्या कहाणीत मुसलमान येतो तो अडथळा म्हणून. काम तडीस नेणाऱ्यांत या बायका होत्या, हे सांगितले जात नाही.

आमच्या गावात हे छोट्या प्रमाणात झाले. क्लबचे डॉक्टर आधी दोनदा येऊन भाषण देऊन गेले होते, काही फरक पडला नव्हता. तिसऱ्यांदा ते भाईजानच्या टेलरिंगच्या दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, ‘मास्टर, तुम्ही बरोबर चला.’ भाईजान म्हणाला, ‘आधी एक सांगा डॉक्टरसाब, माझा दुसरा कॅलिपर कुठे राहिला?’ डॉक्टरांना काहीच माहीत नव्हते; ते तेव्हा क्लबात नव्हतेच. भाईजानने सगळे ऐकवले. ते उठले नाहीत, ऐकत राहिले. पुढच्या रविवारी भाईजान कुबडी टेकत एक्सच्या दारांवर फिरला. बोलला फार थोडे. चाचींच्या दारात पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, एवढेच. चाचींनी दोन्ही नातवंडे बाहेर आणली. दोन घरांनी तरीही दार उघडले नाही. तिथे डॉक्टर पुढच्या फेरीला पुन्हा गेले, आणि त्याच्या पुढच्याही.

2009 मध्ये भारतात 741 रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. 2010 मध्ये 42. 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एका मुलीला लकवा झाला, मुसलमान घरातली, दीड वर्षाची. ती भारतातली शेवटची. 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. शेजारच्या पाकिस्तानात आणि अफगाणिस्तानात तो अजून आहे, म्हणून इथे थेंब चालूच आहेत.

आमच्या त्या क्लबचा पोलिओ रविवारचा बूथ अजूनही उर्दू शाळेच्या व्हरांड्यात लागतो. भाईजानचे दुकान समोरच आहे. बूथची टेबल-खुर्ची आदल्या रात्री त्याच्याकडेच ठेवतात. कॅलिपर तो आता स्वतःच्या पैशाने करवून घेतो, दर तीन-चार वर्षांनी, औरंगाबादहून.