संगणकाची पाठशुद्धी

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपणांस ठाऊक आहेच. मूळ ग्रंथ शके १२१२ मधला. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत हातांनी नकला होत गेल्या. कुणाच्या हातून अक्षर गळले, कुणाची ओळ चुकली, कुणी आपलीच ओवी मध्ये घुसडली. नाथांनी पाठ ताडून पाहिले, अशुद्ध ते काढले, शुद्ध ते ठेवले आणि यापुढे कुणी यात आपली भर घालू नये, असेही बजावले.

आज मला बोलायचे आहे ते मात्र पोथीविषयी नव्हे, घरातल्या संगणकाविषयी. पण प्रश्न पुष्कळसा तोच आहे. संगणकाच्या पोटातही एक भली मोठी पोथी असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. हजारो फाइलींची ती बनलेली असते. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत, आणि पुढेही प्रत्येक पावलाला, यंत्र ही पोथी वाचूनच काय करायचे ते ठरवते. तिच्यातली एखादी महत्त्वाची फाईल बिघडली, की यंत्र अडते. कधी निळा पडदा दाखवते, कधी पुनःपुन्हा सुरू होऊन बंद पडते. मग आपण ते उचलून तालुक्याच्या गावी नेतो. दुरुस्त करणारा म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागेल, गुरुजी."

फॉरमॅट मारणे म्हणजे जुनी पोथी पार पुसून नवी लिहिणे. यंत्र चालू होते खरे. पण त्या पुसण्यात शाळेचे निकालपत्रक, सोसायटीचे हिशेब, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे हेही जाऊ शकते. घरातला एक वासा किडला म्हणून सारे घर सामानासकट पाडावे, तसेच हे. बिघडले तेवढेच शोधावे, तेवढेच बदलावे, ही विद्या माणसाने कशी मिळवली, त्याची हकीगत आज पाहू.

आधी, फाईल बिघडते म्हणजे काय होते? संगणक सारे काही शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहितो. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर अर्धे लिहिलेले तसेच राहते. हार्ड डिस्कचा एखादा भाग झिजतो आणि तिथल्या खुणा वाचता येईनाशा होतात. सदोष स्मृतीमुळे खूण उलटी होते, शून्याचा एक होतो. व्हायरस मुद्दाम मजकूर बदलतात. आणि एखादा नवा कार्यक्रम यंत्रात भरताना तो जुन्या फाईलवर आपली फाईल लिहून टाकतो, हेही एक कारण आहे.

चूक ओळखण्याच्या शास्त्राची एक मोठी पायरी अमेरिकेत घातली गेली. १९४७ च्या सुमारास बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती काम करीत होते. शनिवार-रविवारी यंत्रावर माणूस नसे. तेव्हा ते आपले गणित यंत्राला लावून देत. चूक झाली तर ती यंत्राला कळे. पण कळल्यावर ते एवढेच करी, की ते गणित सोडून पुढचे घेई. सोमवारी येऊन पाहावे तर उत्तर नाही! हॅमिंग वैतागले. यंत्राला चूक झाली हे कळते, तर कुठे झाली हे का कळू नये, आणि ती त्याने स्वतः का सुधारू नये, असा त्यांनी विचार केला. त्यातून निघालेली रीत त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केली.

तिचे सोपे रूप असे. वर्गातली मुले ओळींत आणि रांगांत बसली आहेत. काहींच्या डोक्यावर टोपी आहे, काहींच्या नाही. प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत टोप्यांची संख्या सम राहील, अशी बसवणूक आपण केली. आता कुणी एकाच मुलाची टोपी उडवली, तर एक ओळ विषम होईल आणि एक रांग विषम होईल. त्या दोघी जिथे छेदतात, तोच तो मुलगा. चूक कळली, जागाही कळली. आणि खुणा दोनच असल्यामुळे सुधारणेलाही दुसरा पर्याय उरला नाही.

पण ही युक्ती थोड्या खुणांची झाली. लाखो खुणांची सबंध फाईल जशीच्या तशी आहे की नाही, हे कसे पाहावे? इथे आपल्या शाळेतला ताळा आठवा. ३४७ चे अंक मिळवले तर १४, आणि १४ चे ५. हा झाला नऊचा ताळा. पण कुणी ३४७ च्या ऐवजी ३७४ लिहिले, तरी ताळा ५ च येतो! अंकांची अदलाबदल त्याला दिसत नाही. संगणकशास्त्रज्ञांनी याहून पुष्कळ कडक ताळे तयार केले. फाईल केवढीही असो, तिचा ताळा ठराविक लांबीचाच येतो, आणि तिच्यात एक अक्षर बदलले तरी ताळा ओळखू येणार नाही इतका बदलतो. मूळ फाईलचा ताळा एकदा लिहून ठेवला, की आजच्या फाईलचा ताळा काढून दोन्ही ताडावे, झाले.

ही विद्या घरच्या संगणकात यायला मात्र वेळ लागला. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक विकायला काढला. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेली प्रणाली म्हणजे डॉस. तिच्यात चेकडिस्क नावाची एक आज्ञा होती. ती कपाटाची यादी आणि कपाटातले कागद यांचा मेळ बसतो का, एवढे पाही. ज्या कागदांचा यादीत पत्ता नाही, असे तुकडे गोळा करून ती त्यांना अनुक्रमांक देई आणि वेगळ्या फाइली करून ठेवी. कागदातला मजकूर खरा की खोटा, हे तिला कळत नसे.

दुसरी सुधारणा आपल्या वाण्याच्या दुकानातल्यासारखी होती. जमाखर्च आधी रोजकीर्दीत टिपायचा आणि मग खतावणीत न्यायचा, ही आपली जुनी पद्धत. खतावणी करताना दिवा गेला, तरी कीर्द पाहून काम पुरे करता येते. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटी या प्रणालीत अशीच कीर्द ठेवण्याची सोय होती: काय बदलायचे ते आधी टिपायचे, मग बदलायचे. कचेऱ्यांतली ही सोय २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर घरोघर पोचली. वीज गेल्यावर कपाटाची यादी शाबूत राहू लागली. कागदातला मजकूर मात्र तेव्हाही अर्धा राहू शके.

दरम्यान एक निराळेच संकट उभे राहिले होते. १९९५ साली विंडोज ९५ आली आणि घरचा संगणक सोपा झाला. तिच्यात, आधीच्या विंडोजप्रमाणेच, पुष्कळशा फाइली सामाईक असत. अनेक कार्यक्रम त्या मिळून वापरीत. गावाच्या देवळात लग्नकार्याची सामाईक भांडी असतात ना, तसे समजा. आता कुणी आपल्या घरच्या कार्यासाठी मोठे पातेले नेले आणि परत करताना त्याच नावाने लहान पातेले आणून ठेवले, तर पुढच्या यजमानाची काय गत होईल? तेच इथे होऊ लागले. नवा खेळ भरला की जुना लेखन-कार्यक्रम बंद पडे. इंग्रजीत या प्रकाराला सामाईक फाइलींचा 'नरक' म्हणत, यावरून काय ते ओळखा!

यावर उपाय म्हणून १९९८ च्या विंडोज ९८ मध्ये सिस्टिम फाईल चेकर नावाचा तपासनीस दिला गेला. तो फाइली ताडून पाही आणि फरक सापडला की विचारी, "ही फाईल बदललेली दिसते. मूळची आणू, की हीच खरी धरू?" प्रश्न योग्य होता, पण तो विचारला जात होता घरातल्या माणसाला. त्या बिचाऱ्याने काय सांगावे? फाईल बिघडली म्हणून बदलली, की सुधारली म्हणून बदलली, हे त्याला कसे ठाऊक असणार?

दोन वर्षांनी, २००० साली, विंडोज २००० मध्ये या प्रश्नाचे उत्तर निघाले. महत्त्वाच्या फाइलींच्या ताळ्यांची यादी करून तिच्यावर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असे. मराठेशाहीच्या पत्रांत मजकूर संपला की शेवटी मोर्तब उठवीत, म्हणजे नंतर कुणाला ओळ वाढवता येऊ नये, हेतू तोच. शिवाय मूळ फाइलींच्या प्रती यंत्रातच एका बाजूला राखलेल्या असत. कुणी फाईल बदलली, की प्रणाली स्वाक्षरी पाही आणि ती जुळली नाही तर राखलेली प्रत मुकाट्याने परत जागी ठेवी. ती नसली तर मूळ तबकडी मागे. त्याच साली विंडोज एमईमध्ये मागच्या एखाद्या दिवशीची स्थिती परत आणण्याची सोय आली. घरांसाठी २००७ साली विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये तर प्रणालीच्या फाइलींना, ठरलेली सेवा सोडून, खुद्द यंत्राच्या मालकालाही सहजी हात लावता येईना. आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून आणखी एक पायरी आली: राखलेली प्रतच नासली असेल, तर चांगली प्रत इंटरनेटवरून थेट निर्मात्याकडून आणता येऊ लागली.

म्हणजे तत्त्व दोन गोष्टींत आले. चूक ओळखायला ताळा हवा, आणि दुरुस्तीला विश्वासाची मूळ प्रत हवी. आपल्याकडे अडचण झाली ती दुसऱ्या गोष्टीची. अनेक घरांत यंत्र आले ते सुटे भाग जोडून, नकललेल्या तबकडीवरून प्रणाली भरून. तपासनीस मूळ तबकडी मागे, आणि ती घरात नसेच. मग दुरुस्त करणाऱ्याला सोपे काय? फॉरमॅट! सवय पडली ती अशी, आणि गरज संपल्यावरही पुष्कळ ठिकाणी ती टिकून राहिली.

आज क्रम उलटा असायला हवा. आधी आपले कागद दुसरीकडे काढून घ्यावेत. यंत्र सुरूच होत नसेल, तरी पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली चालवून किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून ते बहुधा काढता येतात. मग डिस्कची तब्येत पाहावी. मग राखलेली प्रत शुद्ध करून घ्यावी आणि तपासनिसाकडून फाइली ताडून घ्याव्यात. एवढ्याने भागले नाही, तर 'माझ्या फाइली ठेवा' असा पर्याय घेऊन प्रणाली नव्याने भरावी. सारे पुसणे हा अगदी शेवटचा उपाय. तेव्हा दुकानात यंत्र देताना विचारा, "आधी माझ्या फाइली काढल्या का?" हे विचारण्यात संकोच कसला?

पण या विद्येची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा उपद्रवी कार्यक्रम जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांत तो शिरला. त्याने प्रणालीची पोथी जवळजवळ शाबूत ठेवली; कुलूप घातले ते लोकांच्या स्वतःच्या कागदांना, आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. तिथे तपासनीस काय करणार? ज्या कागदांची मूळ प्रत त्याच्याकडे कधी नव्हतीच, ते तो कोठून आणणार? ज्या दोषातून हा कार्यक्रम शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली, त्यांना त्या वाटेने धोका उरला नव्हता.

उलट बाजूही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीकडून अधिकृत मार्गाने आलेली एक फाईलच सदोष निघाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे अडली. त्यांतली बहुतेक घरची नव्हेत, कचेऱ्यांची होती. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. उपाय काय होता? यंत्र सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती एक फाईल काढून टाकायची. एवढ्या गोंधळातही सारे पुसण्याची गरज नव्हती. बिघडले होते तेवढेच काढायचे होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रणालीच्या फाइली जगात कोट्यवधी यंत्रांत अगदी सारख्या आहेत. आपल्याकडची एक नासली, तर दुसरी मिळेल. आपल्या विद्यार्थ्यांचे निकाल, गावच्या म्हाताऱ्यांच्या ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या, घरातली छायाचित्रे यांचे तसे नाही. त्यांची मूळ प्रत आपल्यापाशीच असते, आणि ती गेली तर ताडून पाहायला दुसरी नसते. नाथांपुढे निदान पूर्वीच्या नकला होत्या. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा. शनिवारी शाळा सुटल्यावर महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती उघडून वाचता येते ना, हेही पाहा. काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.