नरक्याचा माग

आठवडाभर शेतावरची नोंद टाकली नाही, कारण मी मुलुंडला दादाकडे आहे. वहिनीला आतड्याचा कॅन्सर निघाला, दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून औषध चालू आहे. परवा पुतण्याने कागदावरचं नाव वाचलं, इरिनोटेकान. मोबाईलवर बघून म्हणाला, "काका, हे ज्यापासून बनवतात ते आपल्या नरक्यात असतं."

नरक्या! पाटण तालुक्यात आमच्या वरच्या शेताला लागून जंगल आहे, तिथलं हे लहानसं झाड. दाट सावलीत वाढतं. पावसाळ्यात पिवळट फुलं येतात आणि वास असा की पोरं नाक धरून पळायची. नाव उगाच पडलेलं नाही.

तेव्हापासून वाचतोय. या झाडाची कथा फिरून फिरून मुंबईतच येते. जॉन ग्रॅहम नावाचे पोस्टखात्यातले अधिकारी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी करत होते. १८३९ साली यादी छापून होण्याआधीच ते खंडाळ्याला वारले. उरलेलं काम त्यांचे मित्र निम्मो यांनी पुरं केलं. त्याच यादीत या झाडाला निम्मोंच्या नावावरून नाव मिळालं, ते आजच्या शास्त्रीय नावात टिकून आहे, नोथापोडायटिस निम्मोनियाना. मधल्या काळात 'फोएटिडा', म्हणजे घाण वासाचं, असंही नाव चाललं. इंग्रजांनाही वास आला म्हणायचा.

पुढे १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. गाठीवर चालायचं, पण माणसांवर वापरलं तर मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, म्हणून काम थांबलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात दाखवलं. ते काम झालं गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात. दादाच्या गच्चीवरून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात, त्याच्या पलीकडचं गोरेगाव. नंतर त्या द्रव्यात फेरफार करून दोन औषधं निघाली, टोपोटेकान आणि इरिनोटेकान. १९९६ मध्ये दोन्हींना अमेरिकेत परवानगी मिळाली.

आणि इकडे कुऱ्हाड लागली. त्याच सुमाराला आमच्याकडे एका व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन आला होता. वडील तेव्हा मुंबईत माथाडी होते, सुट्टीला आले होते. जळणापेक्षा बरा भाव म्हणून त्यांनी बांधावरची नरक्याची झाडं देऊन टाकली. नुसतं खोड तोडलं असतं तर बुडखा पुन्हा फुटला असता. पण मुळांतही द्रव्य असतं, म्हणून त्यांनी मुळंच उपसली. तिथं आजही खड्डे आहेत. वडिलांना दोष देत नाही, कशासाठी नेतात हे कोणी सांगितलंच नव्हतं. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गात नरक्या पकडल्याच्या बातम्या नंतर कितीतरी आल्या.

म्हणून आता उरलेली झाडं शोधणं चालू आहे. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या ठिकठिकाणच्या नरक्याची तपासणी करून २००७ साली निष्कर्ष छापले. सगळी झाडं सारखी नसतात, एखाद्या ठिकाणच्या झाडांत द्रव्य कितीतरी जास्त भरतं. म्हणजे एखादा अजून न सापडलेला डोंगरउतार गेला, तर झाडं जातातच, शिवाय त्यात काय होतं ते कधी कळणारच नाही. रोपवाटिकेला बी घ्यायचं तर ते नेमकं अशाच झाडांचं हवं.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजची तीन पोरं आमच्याकडे आली होती. हातात जुन्या नोंदींतल्या गावांची यादी, पण झाडापर्यंत नेणारा लागतो गुराखीच. आमच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने वासावरून वाट काढली. ओढ्याच्या पलीकडे, जिथं मीही कधी गेलो नव्हतो, तिथं सतरा मोठी झाडं निघाली आणि खाली रोपं. रोपं बघून पोरं मोठ्या झाडांपेक्षा जास्त खूश झाली. मोठी झाडं उभी असली आणि खाली एकही पिल्लू नसलं तर ती जागा संपत आलेली, असं त्यांनी सांगितलं.

जीपीएसचा आकडा त्यांनी घेतला. गावाचं नाव अहवालात छापू नका, एवढी अट मी घातली आणि त्यांनी ती मानली. सापडलेलं झाड नकाशावर गेलं की वनखात्याला दिसतं तसं टेम्पोवाल्यालाही दिसतं.

हे दादाला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प बसला. बांधावरची झाडं भरताना टेम्पोला हात लावायला तोही होता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, खड्डे बुजवू नका, त्यातच रोपं लावा."

फोटो टाकतोय, पण फक्त पानांचा. जागा कोणी विचारू नका. वहिनीचं पुढचं सलाईन गुरुवारी आहे, ते झालं की गावी निघतो.