रामजोशी : कीर्तन आणि फड

मराठी शाहिरांच्या परंपरेत सोलापूरच्या रामजोशाचे स्थान काहीसे निराळे आहे. संस्कृत विद्येचा अधिकारी, कीर्तनकार, लावणीकार आणि स्वतःची रचना स्वतः फडावर गाणारा शाहीर अशा चार नात्यांनी तो आपणांस परिचित आहे. इ. स. १७६२ ते १८१२ हा त्याचा परंपरेने मानलेला जीवनकाळ होय. वाङ्मयेतिहासात या चार नात्यांची वाटणी बहुधा दोन खात्यांत केली जाते : विद्या ही घराण्याची देणगी आणि लावणी हा संगतीचा परिणाम. ही वाटणी त्याच्या रचनेला कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रामजोशाची चरित्रकथा सर्वश्रुत आहे. वैदिक घराण्यातील हा तरुण धोंडी शाहिराच्या फडाकडे ओढला गेला. वडील बंधू मुद्गल जोशी यांनी त्याला घराबाहेर काढले. पंढरपुरास अध्ययन करून तो कीर्तनकार झाला आणि पुढे पुन्हा डफाकडे वळला, असे परंपरा सांगते. मोरोपंतांच्या आर्या तो कीर्तनात रंगवीत असे, हेही ती सांगते. या कथेचा सांगाडा पतन आणि उद्धार यांचा आहे. कीर्तन व तमाशा ही दोन परस्परविरुद्ध जगे होत, हे तिने गृहीत धरले आहे.

प्रयोगाच्या अंगाने पाहिले असता हे गृहीत डळमळू लागते. कीर्तनकार एकाच आख्यानात श्लोक, आर्या, ओवी, अभंग, साकी, दिंडी आणि पद यांची योजना करतो. पूर्वरंगात निरूपण करून उत्तररंगात श्रोत्यांना कथेत गुंतवितो. म्हणजे रचनाप्रकारांची सरमिसळ हा कीर्तनाचा दोष नसून तो त्याचा धर्मच आहे. उलटपक्षी, तमाशाचा आरंभ गणाने होतो आणि त्यानंतर गौळण येते. भक्तिविषय फडाला परका नाही आणि रंजन कीर्तनाला परके नाही. एका गायकाने दोन्ही ठिकाणी उभे राहावे, यात समाजाच्या दृष्टीने मोठे अंतर होते. कलेच्या दृष्टीने ते तेवढे नव्हते.

छंदाची साक्षही हेच सांगते. मोरोपंतांची आर्या ही बहुतांशी गीती होय. तिच्या प्रत्येक अर्धात तीस मात्रा असून तिची बांधणी चार मात्रांच्या गणांची असते. लावणीच्या अनेक चाली आठ मात्रांच्या आवर्तनावर चालतात. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त अशा जातींना पद्मावर्तनी म्हटले आहे. चार मात्रांच्या गणात बसविलेला सामासिक शब्द आठ मात्रांच्या आवर्तनात सहज सामावतो. रामजोशाच्या लावणीतील दीर्घ समास आणि यमकांची दाटी ही पंडिती थाटाची हौस म्हणून टाळण्यासारखी नाही. आर्येवर घडलेला कान डफाच्या ठेक्यावर काम करू लागला म्हणजे असे घडणे स्वाभाविक आहे, असे माझे अनुमान आहे.

त्याच्या बहुभाषिक लावण्यांचा विचारही याच दिशेने करावयास हवा. संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदी यांचे मिश्रण हा निव्वळ विद्वत्तेचा चमत्कार नव्हे. सोलापूर हा मराठी आणि कानडी यांच्या सीमेवरचा प्रदेश. दखनी बोलीही तेथे कानांवर पडणारी. संस्कृत ही कीर्तनातल्या श्लोकांमुळे ऐकण्याच्या सवयीतली. अशा मिश्र रचनेचा प्रत्येक तुकडा समोरच्या कोणत्या तरी श्रोत्याला आपला वाटत असला पाहिजे. भाषांतर हा येथे कवीच्या लेखणीचा व्यवहार नसून गायक आणि सभा यांच्यामधला व्यवहार आहे.

हे सारे आज आपण छापील संग्रहांतून वाचतो, आणि अडचण येथेच उद्भवते. छपाईत ध्रुवपद एकदाच येते. फडावर ते झीलकरी प्रत्येक चौकानंतर उचलून धरतात. छपाईत ऱ्हस्व दिसणारे अक्षर गायक लांबवून मात्रा भरून काढतो; शब्दान्तीचा ‘अ’ बोलण्यात लोपतो, पण गाण्यात पूर्ण उच्चारला जातो. जेथे आपणांस छंदोभंग दिसतो, तेथे अनेकदा गळ्यासाठी ठेवलेली जागा असते. शिवाय रामजोशाची म्हणून जी चाल आज अनेकांच्या कानांत आहे, ती १९४७ साली प्रदर्शित झालेल्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटातील, म्हणजे वसंत देसाई यांच्या संगीताची आहे. ती मधुर आहे. परंतु उत्तर पेशवाईतील गायनाचा पुरावा म्हणून ती स्वीकारता येणार नाही.

तेव्हा पदव्युत्तर वर्गात रामजोशी शिकविताना ‘पंडित की तमासगीर’ हा प्रश्न बाजूस ठेवावा. त्याऐवजी त्याची एखादी लावणी आधी मात्रा मोजून, मग ठेका धरून मोठ्याने म्हणून पाहावी आणि तिच्याशेजारी मोरोपंतांची आर्या ठेवावी. दोन्हींमध्ये काय समान आहे आणि गायनाने काय बदलले, हे विद्यार्थ्यांनी स्वतः ऐकावे. त्याच्या चरित्रातील दोन आयुष्यांची फाळणी त्या दोन आवाजांत कितपत ऐकू येते, याचा निर्णय मग त्यांच्या कानांनीच करावा.