सलग प्रवासाची अट : ‘कोमागाटा मारू’ची कहाणी

१/ परदेशी निघताना आज आपण पासपोर्ट, व्हिसा, बँकेतील शिल्लक, परतीचे तिकीट अशी यादी जुळवतो. ही यादी फार जुनी नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी आणि १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा अमेरिकेत उतरण्यासाठी व्हिसा लागत नसे. मग या अटी आल्या कशा? त्याचा एक धागा कॅनडात सापडतो.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील काही हजार माणसे ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लाकूड गिरण्यांत राबू लागली. स्थानिक गोऱ्या समाजात विरोध पेटला. पण भारतीय हे ब्रिटिश प्रजाजन आणि कॅनडाही त्याच साम्राज्याचा भाग. ‘भारतीयांना मज्जाव’ असे उघड लिहिणे साम्राज्याला अडचणीचे होते.

३/ १९०८ मध्ये तोडगा निघाला. स्थलांतरिताने मायदेशाहून, तेथेच काढलेल्या तिकिटावर, सलग प्रवास करून आले पाहिजे. शिवाय आशियातून येणाऱ्याजवळ २०० डॉलर हवेत. नियमात भारताचे नावही नव्हते.

४/ खरी मेख पुढे आहे. भारतातून कॅनडाला थेट प्रवासाची सोय करू शकणाऱ्या जहाज कंपनीवर सरकारने दबाव आणला आणि तशी तिकिटे मिळेनाशी झाली. म्हणजे अट कागदावर सर्वांना सारखी; पाळण्याचा मार्ग मात्र भारतीयांपुरता बंद.

५/ १९१३ च्या अखेरीस न्यायालयाने हे आदेश सदोष शब्दरचनेमुळे अवैध ठरवले. सरकारने मसुदा दुरुस्त करून ते पुन्हा लागू केले. तरीही गुरदित सिंग यांनी ‘कोमागाटा मारू’ हे जपानी जहाज भाड्याने घेतले. ४ एप्रिल १९१४ रोजी ते हाँगकाँगहून सुटले. शांघाय, मोजी, योकोहामा येथे आणखी प्रवासी चढले. एकूण ३७६ जण, बहुसंख्य शीख.

६/ २३ मे रोजी जहाज व्हँकुव्हरला पोहोचले. प्रवास भारतातून सलग झालेला नव्हता, म्हणून प्रवाशांना जहाजावरच अडवून ठेवण्यात आले. अन्नपाण्याचे हाल सुरू झाले. किनाऱ्यावरील भारतीयांनी वर्गणी काढली, वकील दिला. मुन्शी सिंग या प्रवाशाच्या नावाने चाललेला खटला ६ जुलै रोजी फेटाळला गेला. पूर्वीचे रहिवासी आणि काही मोजके, असे केवळ २४ जण उतरू शकले. अखेर ‘रेनबो’ ही युद्धनौका समोर उभी राहिली आणि २३ जुलैला जहाज परतले.

७/ शोकांतिका येथे संपत नाही. २९ सप्टेंबर रोजी कोलकात्याजवळील बजबज येथे प्रवाशांना सक्तीने पंजाबच्या आगगाडीत बसवण्याचा प्रयत्न झाला. संघर्ष उडाला, गोळीबार झाला, सुमारे २० प्रवासी मारले गेले. ज्यांना साम्राज्याच्या एका टोकाला उतरू दिले नाही, त्यांना मायदेशातही मोकळेपणी पाऊल ठेवता आले नाही.

८/ पुढे महायुद्धाने पासपोर्टची सक्ती जगभर रुजवली. १९२० मध्ये भारतातही प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा झाला. सलग प्रवासाचा नियम कॅनडाने १९४७ मध्ये रद्द केला. २०१६ मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत माफी मागितली.

९/ प्रवासापूर्वी नियम वाचावेत, हे खरेच. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र आणखी एक प्रश्न विचारावा : ही अट पूर्ण करणे कोणाला शक्य आहे? नियमात ज्याचे नाव नसते, कधी कधी तो नियम त्याच्यासाठीच लिहिलेला असतो.