रुळांच्या दोन बाजू

कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांची राजकीय कारकीर्द समजून घ्यायची तर निवडणुकांच्या निकालाआधी 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा उघडावा लागतो. एका भागातल्या उद्योगात निदान 25 टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद, ती 'प्रातिनिधिक' ठरू शकत होती. मग मालकांशी बोलण्याचा अधिकार तिचाच. मुंबईच्या गिरण्यांत हा मान काँग्रेसशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता.

कुर्ल्यात या कायद्याची हद्द डोळ्यांनी पाहता येत होती. रुळांच्या पूर्वेला स्वदेशी मिल. 1886 मध्ये जमशेटजी टाटांनी साडेबारा लाखांना घेतलेली जुनी धरमसी गिरणी ती हीच. तिथला कामगार 1946 च्या कायद्याने बांधलेला. पश्चिमेला आग्रा रोडवर प्रीमियरचा मोटार कारखाना, पण तो इंजिनिअरिंगमधला. त्याला गिरण्यांचा हा कायदा लागू नव्हता. प्रीमियरच्या कामगारांना सामंतांची युनियन निवडता आली. स्वदेशीच्या कामगारांना तशी मोकळीक नव्हती. सामंतांच्या यशापयशाचं मोठं कारण मला या फरकात दिसतं, त्यांच्या आक्रमक स्वभावात तितकं नाही.

सामंत मूळचे डॉक्टर. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना, दगडखाणीतले मजूर हे रोगी. त्यांचीच पहिली संघटना बांधली. 1972 मध्ये ते मुलुंडमधून काँग्रेसचे आमदार झाले. आणीबाणीत त्याच काँग्रेसच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं.

1981 च्या ऑक्टोबरात बोनसवरून चिडलेले स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला सामंतांच्या कचेरीवर गेले. एच. व्हॅन वेर्श यांच्या 1982 च्या गिरणी संपावरील ग्रंथात आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी जमवलेल्या गिरणगावच्या मुलाखतींत हा काळ उभा राहतो. दोन्ही वाचताना जाणवतं, की ओढ कामगारांकडून होती. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. कायद्याच्या दृष्टीने सामंत त्यात कुणाचेच प्रतिनिधी नव्हते. त्यामुळे पगारवाढीइतकीच हा कायदा आणि मजदूर संघाची मक्तेदारी हटवण्याची मागणी कळीची होती. सरकार हटलं नाही. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही.

डिसेंबर 1984 चा लोकसभेचा निकाल म्हणूनच मला फार मोलाचा कागद वाटतो. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा घेतल्या. गिरणगावातली मुंबई दक्षिण मध्य ही जागा मात्र अपक्ष दत्ता सामंतांकडे गेली. संप कसा संपतो याची तुलना करायची तर, त्या वेळी वेल्समधले खाणकामगारही संपावर होते. त्यांच्या संघटनेने मार्च 1985 मध्ये ठराव करून कामावर परतायचं ठरवलं. गिरणगावात असा ठराव झालाच नाही. ज्यांना कायद्याने आपला प्रतिनिधी निवडू दिला नव्हता, त्यांनी तो मतपेटीतून निवडला, तोही संप हातचा गेल्यावर.

1989 मध्ये ही जागा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांनी जिंकली. 16 जानेवारी 1997 ला पवईत, घराजवळच सामंतांवर गोळ्या झाडण्यात आल्या. संपाला पंधरा वर्षं व्हायला दोन दिवस उरले होते.