बाग आम, सत्ता खास

आमच्या घरात 'प्राणी बघायला जायचे' म्हणजे हैदराबादला जायचे, एवढेच ठाऊक होते. मुंबईत राणीची बाग १८६२ पासून आहे आणि परभणी जिल्हा महाराष्ट्रातला. तरी आमची पावले हैदराबादकडे का वळत होती? उत्तर इतिहासात आहे.

परभणी निजामाच्या संस्थानात होती. १९०० च्या सुमारास सुरू झालेली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे परभणी, पूर्णा, नांदेड करत राजधानीकडे जाई. शिक्षण, कोर्टकचेरी, दवाखाना, सोयरीक, सगळे त्याच रुळांवरून चाले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थानाची सत्ता संपली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. सीमा बदलल्या, पण रूळ आणि नातेवाईक होते तिथेच राहिले. म्हणून १९६३ मध्ये मीर आलम तलावाशेजारी नेहरू प्राणिसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले, तेव्हा आमच्याकडच्या लोकांना ते परके वाटले नाही.

आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या काकू मुलांसह सोबत होत्या. त्यांच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, अम्मीच्या डब्यात शामी कबाब. झाडाखाली दोन्ही डबे उघडले गेले. दादीने लहानपणी बाग-ए-आममधले प्राणी पाहिले होते. हे नवे संग्रहालय होण्यापूर्वी हैदराबादचे प्राणी तिथेच असत. त्यामुळे प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबून ती जुन्या वाघाशी नव्या वाघाची तुलना करी. आम्ही मुले हसून बेजार होत होतो.

'आम' म्हणजे सर्वांची. राजेरजवाडे जनावरे पाळत ती शिकारीसाठी आणि आपल्या ऐटीसाठी. ती रयतेला पाहता यावीत, हा मोठाच बदल होता. पण बाग आम असली तरी सत्ता खासच राहिली. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्येच बंदी आली. शेवटी त्या सत्तेविरुद्ध मराठवाड्याला लढावे लागले. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत, आणि १९४८ च्या कारवाईनंतर अनेक निरपराध मुसलमानांनी जे सोसले तेही खरे आहे. दोन्ही सांगितले पाहिजे.

मात्र आज परभणीच्या मुसलमानाने हैदराबादचे नाव काढले की काहींच्या कपाळावर आठी पडते. जणू ते नाव घेणे म्हणजे निजामाची आठवण काढून रडणे! अहो, आमचे हैदराबाद म्हणजे सिंहासन नव्हे. ते आजोळ आहे, सरकारी दवाखाना आहे, रविवारची बाग आहे. त्या गाडीत काकूही बसल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांनीही पहिला सिंह तिथेच पाहिला. मुक्तिसंग्रामाचा इतिहास मुलांना जरूर शिकवावा. त्याच्या शेजारी या प्रवासांचाही इतिहास लिहिला जावा, म्हणजे राजवट आणि रयत यांतला फरक त्यांना कळेल.