नगर जिल्ह्यात खरंच महाकाय हत्ती होते का? गोदावरी-प्रवरेच्या गाळातली हाडं काय सांगतात?

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्हा म्हटलं की शिर्डी, शनिशिंगणापूर, साखर कारखाने आणि कांदा आठवतो. जीवाश्म मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत. पण भारतातल्या आदिमानवाच्या अभ्यासाची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणांवरून झाली, त्यातलं एक ठिकाण याच जिल्ह्यात आहे. शेवगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठावर, पैठणजवळचं मुंगी.

मुंगीला काय सापडलं होतं?

१८६०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे ए. बी. विन गोदावरीच्या काठाने पाहणी करत होते. मुंगीजवळ नदीच्या जुन्या गाळात, जिथे नामशेष प्राण्यांची हाडं मिळत होती त्याच थरात, त्यांना अकीक दगडाचा एक छिलका मिळाला. दगडावर दगड मारून माणूस धारदार तुकडा काढतो, तसा.

विभागाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ मध्ये त्यावर टिपण छापलं. शीर्षकात थराचं वय लिहिताना त्यांनी पुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं. वय नक्की किती, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरीही एवढ्याशा तुकड्याला महत्त्व का आलं? १८६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांना चेन्नईजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडलं होतं. पण नुसत्या हत्यारावरून त्याचा काळ सांगता येत नाही. मुंगीला हत्यार आणि नामशेष प्राण्यांची हाडं एकाच थरात होती. म्हणजे ते प्राणी जिवंत असताना इथे माणूसही होता, असं म्हणायला आधार मिळाला.

काळ्या कातळाच्या प्रदेशात हाडं कशी टिकली?

जिल्ह्यातला बहुतेक खडक काळा बसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यापासून तो बनला. तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे डोंगरात किंवा विहिरीच्या कातळात हत्तीचं हाड शोधून उपयोग नाही.

जीवाश्म मिळतात ते नद्यांच्या जुन्या गाळात. पाण्यावर आलेला प्राणी काठाशी मरतो, पुराच्या गाळाखाली लवकर झाकला जातो आणि हवा न लागल्याने सांगाडा पूर्ण कुजत नाही. पुढे पाण्यातली खनिजं हाडाच्या छिद्रांत भरतात. बसाल्ट झिजताना भरपूर चुना सुटतो. तो गोटे, वाळू आणि हाडं यांना सिमेंटसारखा बांधून ठेवतो. नदीकाठच्या उभ्या दरडीत तळाशी गोट्यांचा हा घट्ट थर दिसतो. बहुतेक हाडं आणि हत्यारं तिथेच असतात.

कोणकोणते प्राणी होते?

गोदावरी खोऱ्याच्या गाळात मिळालेल्या प्राण्यांमध्ये तीन महत्त्वाचे आहेत.

• नामशेष हत्ती (पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस): खांद्यापाशी ४ मीटरहून उंच. आजचा आशियाई नर हत्ती साधारण पावणेतीन मीटर भरतो. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर इथल्या अवशेषांवर जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिलं.

• पाणघोडा: आज फक्त आफ्रिकेत दिसणाऱ्या या प्राण्याची एक जात एकेकाळी भारतातल्या नद्यांत होती.

• रानबैल (बॉस नामाडिकस): मोठ्या शिंगांचा जंगली बैल.

‘नामाडिकस’ हे नाव नर्मदेवरून आलं आहे. या जातींचे जीवाश्म शास्त्रज्ञांनी आधी नर्मदेच्या खोऱ्यात अभ्यासले होते.

नेवाशाचं नाव जगभर कसं गेलं?

नेवासा ज्ञानेश्वरीचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पुरातत्त्वात ते वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी इथे प्रवरेकाठी उत्खनन केलं. १९५६ मध्ये त्यांनी नेवाशाजवळचे प्राण्यांचे जीवाश्म आणि दगडी हत्यारं यांवर शोधनिबंध छापला. जे मुंगीला एका छिलक्यावरून सुचलं होतं, त्याला इथे थरांच्या पद्धतशीर अभ्यासाची जोड मिळाली.

इथे दोन प्रकारची हत्यारं मिळाली. जुनी हत्यारं म्हणजे बसाल्टच्या मोठ्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या. नंतरची हत्यारं लहान, अकीक आणि चर्टसारख्या गुळगुळीत दगडांची. या दुसऱ्या गटाला सांकलियांनी ‘नेवासियन’ म्हटलं. पुढे चुन्याच्या गाठींवर युरेनियम-थोरियम पद्धतीने कालमापन झालं, तेव्हा नेवाशाच्या जुन्या हत्यारांचं वय साडेतीन लाख वर्षांहून जास्त निघालं.

मग हे प्राणी गेले कुठे?

पाणघोड्याच्या बाबतीत मान्सून कमजोर होऊन नद्या आटल्या, हे एक कारण सांगितलं जातं. माणसाच्या शिकारीचा वाटा किती, यावर वाद आहे. युरोप-अमेरिकेच्या तुलनेत भारतात मोठे प्राणी कमी नामशेष झाले, असंही अभ्यासातून दिसतं. हत्ती, गेंडा, वाघ, गवा आपल्याकडे टिकले.

शहामृग मात्र टिकला नाही. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे त्याच्या अंड्याची कोरीव नक्षी असलेली कवचं मिळाली. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या जुन्या कवचांमधला डीएनए तपासला. तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. आधी गोळा करून जपलेली कवचं होती, म्हणून हा प्रश्न सुटला.

हाड मिळालं, जागा हरवली तर?

याचं उत्तर श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादने दिलं आहे. १९७४ मध्ये तिथे एका ग्रामस्थाला जमिनीखाली चार ब्राँझ वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. पण त्या शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात मिळाल्या नाहीत. त्यामुळे त्या उत्तर हडप्पा काळातल्या आहेत का, यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही. इतक्या मौल्यवान वस्तूंची ही गत, तर साध्या हाडाचं काय? थर आणि जागा माहीत नसेल तर ते फक्त जुनं हाड उरतं.

यात मधमाश्यांचा काय संबंध?

निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात जीवाश्माला जो नियम, तोच टाचणीला लावलेल्या माशीलाही. खाली चिठ्ठी हवी: कुठे आणि कधी सापडली. ब्रिटनमध्ये संग्रहालयांतल्या जुन्या भुंगेमाश्यांचे पंख मोजून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्ण आणि दमट वर्षांत डाव्या-उजव्या पंखांमधला फरक वाढतो, म्हणजे माशीवर ताण येतो, असं त्यात दिसलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी चिठ्ठी नीट लिहिली होती, म्हणून हे कळलं.

नगरला याची गरज जास्त आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे बी धरायला एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कीटक लागतात. कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटवर आग्या, फुलोरी आणि सातेरी माश्यांचा थवा असला तर बी चांगलं भरतं. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारलं की नुकसान शेतकऱ्याचंच होतं. माश्या खरंच कमी झाल्या का, कुठल्या जातीच्या झाल्या, हे सांगायला मात्र जुने नमुने आणि नोंदी लागतात.

धोका कशाचा आहे?

हाडं ज्या थरात आहेत, तो वाळू आणि गोट्यांचा थर आहे. आणि बांधकामाला वाळूच हवी असते. यंत्राने नदीपात्र आणि काठ खरवडला की लाखो वर्षांत साचलेला क्रम एका रात्रीत ट्रकमध्ये भरला जातो. १९७०च्या दशकात पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या नाथसागराखालीही गोदावरीकाठचा मोठा पट्टा गेला.

कायद्याची बाजूही कच्ची आहे. १९७२चा पुरावस्तू कायदा मुख्यतः माणसाने घडवलेल्या वस्तूंचा विचार करतो. भूवारसा स्थळं आणि जीवाश्मांसाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता.

नदीकाठी असं काही दिसलं तर काय करावं?

१. हाड उपटू नका. ओढताना ते तुटतं आणि थरही बिघडतो.

२. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा. एक फोटो जवळून, एक संपूर्ण दरडीचा.

३. मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा. गाव, नदी, कुठला काठ आणि तारीख लिहून ठेवा.

४. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा.

५. नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका. अभ्यासकांआधी हौशी लोक तिथे पोचतात.

साध्या गुराचं हाड आणि जीवाश्म यांत फरक कसा ओळखायचा? जीवाश्म आकाराच्या मानाने जड लागतो, दगडासारखा वाजतो आणि त्याला बहुतेक वेळा चुन्याचे खडे घट्ट चिकटलेले असतात. शंका असेल तर फोटो पाठवून विचारावं. मुंगीचा छिलकाही एक लहानसा तुकडाच होता. विन यांनी तो कुठल्या थरातून आला हे लिहून ठेवलं, म्हणून दीडशे वर्षांनंतरही त्याचं नाव घेतलं जातं.